घरातल्या कर्करोगाचा वंशवृक्ष: तो कसा काढावा आणि कसा वाचावा

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घर भरते. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेले, आखातातून रजेवर आलेले आणि शेजारच्या वाड्यावरचे असे सगळे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली एकत्र बसतात, आणि जेवणे उरकल्यावर थोरल्यांच्या तोंडून घराण्याच्या जुन्या गोष्टी निघू लागतात. या लेखात ज्या कामाची रीत सांगायची आहे, त्यासाठी याहून सोयीचा दिवस नाही. आपल्या घराण्यात कोणाला, कोणत्या अवयवाचा आणि कोणत्या वयात कर्करोग झाला, हे किमान तीन पिढ्यांपर्यंत एका कागदावर उतरवून घ्यायचे, आणि आपल्याला किंवा आपल्या नातलगांना जनुकीय तपासणीची गरज आहे का, हे तो कागद डॉक्टरांसमोर ठेवून विचारायचे, असे हे काम आहे.

मी उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. उत्परिवर्तनाची, म्हणजे जनुकात होणाऱ्या बदलाची, व्याख्या मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली, पण स्वतःच्या घराचा असा कागद काढला तो निवृत्त झाल्यावर, माझ्या आतेबहिणीला एकोणचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा. तिची आई, म्हणजे माझी आत्या, शेहेचाळिसाव्या वर्षी गेली होती आणि आमच्या घरात तिच्याबद्दल एवढेच बोलले जाई की तिच्या पोटात पाणी झाले होते. ते पाणी अंडाशयाच्या कर्करोगाचे होते, हे आत्याच्या यजमानांच्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या डिस्चार्ज कार्डावरून आम्हांला तीस वर्षांनी कळले. ते कार्ड कोणी आधी उघडून वाचले असते, तर आतेबहिणीच्या तपासण्या दहा-पंधरा वर्षे आधी सुरू झाल्या असत्या. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कागद घेण्याआधी: चूक म्हणजे काय, आणि ती कशी शिरते

वंशवृक्ष नुसता काढून उपयोग नाही. तो वाचता यावा लागतो, आणि त्यासाठी जनुकातील चूक म्हणजे काय हे मनात स्पष्ट असावे लागते. आपल्या प्रत्येक पेशीत आईकडून आणि वडिलांकडून आलेली मिळून सुमारे ६०० कोटी अक्षरे असतात. डीएनएची ही भाषा ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांची आहे. एका पानावर दोन हजार अक्षरे छापली, तर हा मजकूर तीस लाख पाने भरेल. या मजकुरातील जो भाग प्रथिने कशी घडवावीत हे सांगतो, तो तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचला जातो. अशी सुमारे वीस हजार जनुके माणसात आहेत.

वर्गात हे समजावताना मी एक मराठी वाक्य वापरीत असे: ‘सविता दुपारी वरण करते’. यातील प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा आहे, आणि पेशी जनुक वाचते तेव्हा तीही अशीच तीन-तीन अक्षरे उचलत जाते. आता एक अक्षर बदलले आणि ‘करते’च्या जागी ‘भरते’ झाले, तर वाक्य उभे राहते, मात्र अर्थ थोडा सरकतो. ‘दुपारी’नंतर भलत्याच ठिकाणी पूर्णविराम पडला, तर सविता दुपारी काय करते हे कधीच कळत नाही, प्रथिन अर्धवट तुटते. आणि ‘सविता’मधला ‘वि’ गळाला, पण वाचणारा तीन-तीन अक्षरेच उचलत राहिला, तर वाक्य असे होते: ‘सतादु पारीव रणक रते’. गळाले एकच अक्षर, पण पुढचे सारे वाक्य निरर्थक झाले. जनुकीय तपासणीच्या अहवालात ‘फ्रेमशिफ्ट’ असा शब्द दिसला, तर तो याच प्रकाराबद्दल असतो. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए-१ या जनुकात ६८व्या आणि ६९व्या स्थानांवरची ए आणि जी ही दोन अक्षरे गळाल्याचे भारतातील अनेक कुटुंबांत आढळले आहे, आणि तेवढ्याने ते संपूर्ण प्रथिन निकामी होते. याउलट तीनच्या पटीत अक्षरे गळाली, तर काही शब्द नाहीसे होतात पण उरलेले वाक्य वाचता येते. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर या जनुकातून बरेचदा नेमकी पंधरा अक्षरे गळालेली असतात. प्रथिन टिकते, परंतु ते सतत ‘वाढ, वाढ’ असाच संदेश देत राहते. तंबाखूला कधी न शिवलेल्या माणसांतही हा बदल आढळतो, आणि त्यावर गोळ्यांच्या रूपात औषध उपलब्ध आहे.

या चुका येतात कुठून? सर्वांत मोठा वाटा पेशीच्या रोजच्या कामाचा आहे, आणि ते मान्य करणे अनेकांना जड जाते, कारण आजाराला कोणीतरी दोषी असावा असे माणसाला वाटते. पेशी दुभंगताना ही ६०० कोटी अक्षरे उतरवून घ्यावी लागतात. नक्कल करणारे प्रथिन सुरुवातीला सुमारे लाख अक्षरांमागे एक चूक करते. त्यातील बहुतेक चुका ते स्वतःच मागे वळून खोडते. आणि तरीही निसटलेल्या चुका शोधणारी दुरुस्तीची एक वेगळी यंत्रणा मागून फिरते. एवढे सगळे झाल्यावर शंभर कोटी अक्षरांमागे एखादीच चूक उरते. शिवाय डीएनए हे एक रसायन आहे आणि शरीरातल्या पाण्यात, उष्णतेत ते आपोआप झिजते. प्रत्येक पेशीत दररोज सुमारे दहा हजार ठिकाणी ए किंवा जी हे अक्षर निखळून पडते आणि पेशी ते पुन्हा भरून काढते. या दुरुस्तीच्या संशोधनासाठी तोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार यांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मॉड्रिच यांनी अभ्यासलेली यंत्रणा लक्षात ठेवावी, कारण वंशवृक्ष वाचताना ती पुन्हा भेटणार आहे.

बाहेरून येणाऱ्या कारणांची खूण जनुकात अक्षरशः वाचता येते. तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरीन शरीरात अशा रूपात बदलते की ते जी या अक्षराला चिकटून बसते, आणि नक्कल होताना तिथे टी लिहिला जातो. दिवसाला एक पाकीट सिगारेट वर्षभर ओढली, तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी दीडशे नवी उत्परिवर्तने साचतात, असा हिशेब २०१६ मध्ये कर्करोगांच्या जनुकांची तुलना करून मांडण्यात आला. ऊन शेजारशेजारच्या दोन अक्षरांना एकमेकांना चिकटवते. मद्यातील अल्कोहोल शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते आणि ते डीएनएला इजा करते. या बाबतीत फेणी, हुर्राक आणि परदेशी मद्य यांत काहीही फरक नाही. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन तयार होते, ते पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या टीपी-५३ या जनुकाच्या २४९व्या शब्दात जीच्या जागी टी आणते आणि यकृताचा कर्करोग घडवू शकते. आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यातले शेंगदाणे सर्दावून कुबट वासाचे झाले, तर ते धुऊन, भाजून वापरू नयेत, सरळ टाकून द्यावेत, कारण हे विष नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाही.

सुपारीबद्दल मात्र थोडे थांबून लिहिणे भाग आहे. फोंडा, सत्तरी, सांगे येथील कुळागरांवर, म्हणजे सुपारीच्या बागांवर, कितीतरी घरे उभी आहेत, विड्याशिवाय आपले शुभकार्य होत नाही, आणि मीही अशाच एका घरातला आहे. तरीही सत्य हे आहे की सुपारी तंबाखूशिवायही मानवी कर्करोगाला कारण ठरते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. रोज चघळणाऱ्याच्या गालाच्या आतली त्वचा हळूहळू पांढुरकी आणि ताठ होते, तिखट सोसेनासे होते, तोंड पूर्ण उघडत नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर दंतवैद्याकडे जाण्यास एक आठवडाही लावू नये. देवापुढे ठेवलेल्या विड्याने कोणाला काही होत नाही. गालात रात्रंदिवस ठेवलेल्या खांडाने होते.

एका चुकीने कर्करोग का होत नाही

चुका इतक्या होत असतील तर सर्वांनाच कर्करोग का होत नाही, हा प्रश्न वर्गात हमखास येई. बहुतेक चुका अशा जागी पडतात की त्यांनी काही बिघडत नाही. धोका दोन प्रकारच्या जनुकांत आहे. काही जनुके पेशीला वाढण्याचा आदेश देतात. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत असे दिसले की रास नावाच्या जनुकाच्या बाराव्या शब्दात जीजीसीचे जीटीसी झाले आहे. एका अक्षराने वाढीचा आदेश कायमचा चालू राहिला होता. दुसऱ्या प्रकारची जनुके वाढीला आवर घालतात किंवा डीएनएची दुरुस्ती करतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची, म्हणून आवर सुटण्यासाठी सहसा दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात.

हे दोन आघातांचे गणित आल्फ्रेड क्नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगावरून मांडले, आणि आनुवंशिक कर्करोग समजून घेण्याची किल्ली माझ्या मते आजही तीच आहे. ज्या मुलात एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, त्याच्या डोळ्यातील प्रत्येक पेशी पहिला आघात घेऊनच जन्मलेली असते. दुसरा आघात कुठल्या तरी पेशीत होणारच, म्हणून आजार फार लवकर आणि बरेचदा दोन्ही डोळ्यांत दिसतो. ज्याच्या दोन्ही प्रती जन्मतः धड असतात, त्याच्या एकाच पेशीत दोन्ही आघात व्हावे लागतात; म्हणून आजार क्वचित, उशिरा आणि एकाच डोळ्यात होतो. कमी वय, जोडीच्या दोन्ही अवयवांत आजार आणि एकाच घरात पुनरावृत्ती: वंशवृक्षात आपण ज्या खुणा शोधणार आहोत, त्या सर्व या एका तर्कातून निघतात.

मोठ्यांच्या बहुतेक कर्करोगांना आणखी पायऱ्या लागतात. मोठ्या आतड्यात आधी एपीसी जनुक बिघडून साधा मोड (पॉलिप) येतो, मग केरास, मग टीपी-५३ असे एकेक बिघडत जाते आणि त्याला दशके लागतात. उतारवयात कर्करोग अधिक दिसतो तो यामुळे. एकूण कर्करोगांपैकी पाच ते दहा टक्केच आनुवंशिक असतात. बाकीच्या कर्करोगांतले बदल त्या त्या अवयवाच्या पेशींत आयुष्यभरात साचलेले असतात आणि ते मुलाबाळांकडे जात नाहीत. आजोबांना सत्तराव्या वर्षी फुप्फुसाचा कर्करोग झाला म्हणून नातवंडांनी धास्तावण्याचे कारण नाही. ते विडी ओढत होते का, हे मात्र विचारावे.

कागद कसा काढावा

मोठा आडवा कागद घ्यावा आणि पेन्सिलने काढावे, कारण खोडाखोड होणारच. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ काढतात. पती-पत्नी आडव्या रेघेने जोडावेत, त्यांची मुले खाली उभ्या रेघांनी, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत डावीकडून उजवीकडे मांडावीत. कर्करोग झालेल्याचा आकार भरून काळा करावा, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ मारावी, आणि ज्या व्यक्तीमुळे ही चौकशी सुरू झाली तिच्याकडे बाण दाखवावा. मामेबहिणीशी किंवा आतेभावाशी लग्न झाले असेल, तर जोडणारी आडवी रेघ दुहेरी काढावी. काही घरांत ही प्रथा आहे आणि डॉक्टरांना ते कळणे आवश्यक असते.

प्रत्येक आकाराखाली चार गोष्टी लिहाव्यात: आजचे वय किंवा मृत्यूचे वय, कोणत्या अवयवाचा कर्करोग, तो सापडला तेव्हाचे वय, आणि तंबाखू, सुपारी किंवा मद्य यांची सवय. या चारांत सापडल्याचे वय सर्वांत मोलाचे आहे आणि सर्वांत कमी लोकांना आठवते. वर्ष आठवत नसेल, तर घरातल्या दुसऱ्या घटनेला धरून विचारावे: धाकटीच्या बारशाआधी की नंतर, नवे घर बांधले तेव्हा की त्यानंतर? अशा प्रश्नाने आमच्या एका काकूला जे साल नुसते विचारून आठवत नव्हते, ते दोन मिनिटांत सापडले. ज्यांना कर्करोग झालेला नाही त्यांनाही कागदावर घ्यावे. सहा बहिणींपैकी दोघींना झाला आणि दोघींपैकी दोघींना झाला, यांत फार अंतर आहे.

जुन्या पिढीत आजाराचे नाव घेतले जात नसे. ‘मोठा रोग’, ‘पोटात गोळा’, ‘अंगावरून जात होते’, ‘गाठ पिकली’ असे शब्द ऐकू येतील. ते जसेच्या तसे कागदावर लिहावेत, त्यांचा अर्थ स्वतः लावून खरा आजार म्हणून लिहू नये. पुरावा मिळाला तर त्याच्या खाली लिहावा. ‘पोटाचा कर्करोग’ म्हणजे जठर, मोठे आतडे, यकृत, गर्भाशय किंवा अंडाशय यांपैकी काहीही असू शकते, आणि त्यावर पुढचा सगळा निष्कर्ष अवलंबून असतो. डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, जुनी औषधांची चिठ्ठी, जे असेल त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

स्त्रियांच्या बाबतीत एक अडचण आपल्या चालीरीतीतूनच येते. लग्नात मुलीचे नाव बदलले की माहेरची आणि सासरची व्यक्ती कागदोपत्री दोन वेगळ्या बायका होऊन बसतात. म्हणून प्रत्येक वर्तुळाखाली माहेरचे पूर्ण नावही लिहावे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून जन्म, विवाह आणि मृत्यूची नागरी नोंदणी असल्यामुळे नावे आणि वये जुळवायला तालुक्याच्या नोंदणी कार्यालयाचा उपयोग होतो.

विचारणे हे या कामातले सर्वांत नाजूक पाऊल आहे. घरात मुलीचे स्थळ बघणे चालू असेल, तर आई गप्प बसते, आणि तिच्या भीतीला कारण आहे. चारचौघांत विचारू नये. एकेकीजवळ बसून, आपण का विचारत आहोत हे आधी सांगून विचारावे, आणि कोणी नको म्हटले तर तिथे थांबावे. हा कागद फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये.

कागद कसा वाचावा

आईची आणि वडिलांची बाजू वेगवेगळी वाचावी, आणि दोन्ही बाजू सारख्याच गांभीर्याने वाचाव्यात. स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग आईकडूनच येतो ही समजूत सुशिक्षित घरांतही घट्ट आहे आणि ती साफ चुकीची आहे. बीआरसीए-१ हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आणि बीआरसीए-२ तेराव्यावर आहे. ती पुरुषांतही असतात आणि वडील ती मुलीला किंवा मुलाला पन्नास टक्के शक्यतेने देतात. माझे वडील एक्क्याऐंशी वर्षे ठणठणीत जगले. तरीही ते बिघडलेली प्रत बाळगून होते, हे त्यांच्या पश्चात, माझ्या भावाच्या तपासणीतून सिद्ध झाले. ज्या घरात मुलगेच जास्त झाले, तिथे असा बदल दोन पिढ्या गुपचूप पुढे जाऊ शकतो.

पुढील गोष्टींपैकी एखादी कागदावर दिसली, तर कर्करोगतज्ज्ञांकडे जनुकीय समुपदेशनाबद्दल विचारावे. पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग. अंडाशयाचा कर्करोग, मग तो कोणत्याही वयात असो. पुरुषाला स्तनाचा कर्करोग. साठीच्या आत ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा (ज्याच्या बायोप्सीत ईआर, पीआर आणि हर-२ या तिन्ही चाचण्या नकारात्मक येतात असा) स्तनाचा कर्करोग. दोन्ही स्तनांत, किंवा एकाच व्यक्तीला दोन वेगळे कर्करोग. पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. आणि एकाच बाजूच्या तीन नातलगांना एकमेकांशी संबंधित कर्करोग, जसे स्तन आणि अंडाशय. आतडे आणि गर्भाशय हे एका घरात जोडीने दिसले, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराचा विचार डॉक्टर करतात. मॉड्रिच यांनी अभ्यासलेली, नक्कल झाल्यावर चुका शोधणारी यंत्रणा तिथे जन्मतः अधू असते. एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ ही त्यांतील जनुके आहेत.

गावात एकाच वाड्यावर चौघांना तोंडाचा कर्करोग झाला, तर ती सहसा आनुवंशिकता नसते, सवय असते. गर्भाशयमुखाचा कर्करोगही जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो. तो विषाणू आपल्या प्रथिनांनी पेशीतील आवर घालणारी दोन महत्त्वाची प्रथिने निकामी करतो, आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना लस दिल्यास तो टाळता येतो.

तपासणी कोणाची आधी, आणि अहवाल कसा समजून घ्यावा

तपासणी शक्यतो ज्याला कर्करोग झाला आहे त्या हयात व्यक्तीपासून सुरू करावी. निरोगी माणसाची आधी केली आणि काही सापडले नाही, तर घरात तसा बदलच नाही, की बदल आहे पण या माणसाकडे आला नाही, हे सांगता येत नाही. आजारी व्यक्तीत बदल सापडला, की बाकीच्यांना फक्त त्या एका जागेची, पुष्कळ स्वस्त तपासणी पुरते, आणि मग ‘नाही’ या उत्तराला खरा अर्थ येतो.

आजारी व्यक्ती हयात नसेल, तर बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, उपयोगी पडू शकतो. आम्ही आत्याच्या ब्लॉकसाठी संबंधित रुग्णालयात गेलो, तेव्हा जुने ब्लॉक काढून टाकल्याचे सांगण्यात आले. त्या दिवशी जे वाटले ते लिहिणार नाही. पण ज्यांच्या घरी आज कोणी उपचार घेत आहे, त्यांनी ब्लॉक आणि स्लाइड लेखी अर्ज करून ताब्यात घ्याव्यात आणि उष्णतेपासून दूर, नाव लिहून ठेवाव्यात.

गाठीची तपासणी आणि रक्ताची तपासणी यांत गल्लत होऊ देऊ नये. गाठीतून काढलेल्या जनुकांत सापडलेला टीपी-५३चा बदल बहुधा फक्त त्या गाठीपुरता असतो; गाठीची तपासणी मुख्यतः औषध ठरवण्यासाठी असते. तो जन्मजात आहे का हे रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीतूनच कळते. गाठीचा अहवाल वाचून मुलांना धक्का बसल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

रक्ताच्या अहवालात बदलाची प्रतवारी पाच पायऱ्यांत असते: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित अर्थाचा, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. मधल्या पायरीला प्रयोगशाळा ‘व्हीयूएस’ म्हणतात. भारतीय लोकांची जनुकीय माहिती जगाच्या संग्रहात कमी असल्यामुळे आपल्या अहवालांत ही पायरी अधिक दिसते. तिच्या आधारावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये आणि नातलगांची तपासणीही करू नये. अशा बदलांची पुढे नव्याने प्रतवारी झाली, तर बहुसंख्य निरुपद्रवी ठरतात. वर्ष-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला पुन्हा विचारावे.

‘रोगकारक’ हा शब्दही शांतपणे वाचावा. बीआरसीए-१मधील अशा बदलाने स्त्रीला वयाच्या सत्तर-ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ५५ ते ७२ टक्के आणि अंडाशयाचा ३९ ते ४४ टक्के असते. हे आकडे मोठे आहेत, पण ते शंभर नाहीत, आणि त्यावर करण्यासारखे पुष्कळ आहे. स्त्रियांना पंचविसाव्या वर्षापासून दरवर्षी स्तनाचा एमआरआय आणि तिसाव्यापासून मॅमोग्राम सुचवतात. अपत्ये झाल्यावर, साधारण पस्तीस ते चाळीस वर्षांच्या दरम्यान, अंडाशय व बीजनलिका काढण्याचा विचार करतात. लिंच सिंड्रोम असेल, तर पंचविशीच्या आसपास कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) सुरू होते, आणि तिच्यात साधा मोड दिसताच तो काढून टाकला जातो. आजार झाल्यावरही या बदलाची माहिती कामी येते, कारण बीआरसीए बिघडलेल्या पेशींवर ओलापारिबसारखी औषधे विशेष परिणाम करतात. अठरा वर्षांखालील मुलांची, प्रौढपणी होणाऱ्या कर्करोगांसाठी तपासणी करू नये. तो निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्यावा.

कागद घेऊन जायचे कुठे? गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, बांबोळीला, कर्करोगतज्ज्ञांसमोर तो उघडावा. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात कर्करोगाच्या जनुकीय समुपदेशनासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. समुपदेशन आधी आणि रक्त नंतर, हा क्रम सोडू नये; घरबसल्या मागवता येणाऱ्या लाळेच्या संचांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

आमच्या घरात आतेबहिणीचा अहवाल रोगकारक आला. मग मी आणि भावाने त्या एका जागेची तपासणी केली. माझ्याकडे तो बदल नव्हता, भावाकडे होता, आणि त्याला आता प्रोस्टेटच्या तपासणीसाठी वेळापत्रक दिले आहे. त्याच्या मुलीने, माझ्या पुतणीने, आधी वर्षभर वेळ मागितला. कोणी तिच्यामागे लागले नाही. गेल्या चवथीला, दीड दिवसाचा गणपती पोचवून आल्यावर, तिने तो कागद मागून घेतला, स्वतःच्या वर्तुळाखाली तपासणीची तारीख पेन्सिलने लिहिली, आणि घडी घालून परत कपाटात, आत्याच्या डिस्चार्ज कार्डाशेजारी ठेवला.